बेवारस डांबर

मे 1930 मध्ये कोकणातल्या शिरोड्याच्या मिठागरात सत्याग्रही उतरले, मूठभर मीठ उचललं आणि तुरुंगात गेले. मीठ सरकारचं होतं ना! आज त्याच गावात, वेळागरच्या किनाऱ्यावर मूठभरच काय, पाटीभर डांबर उचला. कोणी हात धरणार नाही. ते कोणाचंच नाही.

कुठल्या तरी जहाजातून तेल समुद्रात पडतं. हलकं असतं ते उडून जातं, उरलेलं पाण्यात घुसळून घट्ट होतं. पावसाळ्याच्या तोंडावर वारं फिरलं, की त्याचे गोळे कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला लागतात. वाळूत घोळलेला गोळा लांबून थेट नाचणीचा लाडू. दुपारी उन्हाने तो पाघळतो, वाळूत मुरतो, आणि भरती वरून नवी वाळू पसरून जाते. टाचेने वीतभर उकरा, खाली तपकिरी रेघ निघते. वर मात्र पर्यटक ‘स्वच्छ किनारा’ म्हणून फोटो काढत असतात. संध्याकाळी तेच पर्यटक तळपाय चोळायला खोबरेल मागतात. खाडीच्या चिखलात तर हवाच पोचत नाही, त्यामुळे तेल खाणारे जीवाणूही रजेवर. तिथे शिरलेलं तेल वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतं. त्याच चिखलात शिंपले राहतात, आणि ते आपण आवडीने खातो.

हे सगळं तेल चोरून टाकलेलं असतं असं समजू नका. मारपोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांपलीकडे, चालत्या टँकरला टाक्या धुतलेल्या पाण्याबरोबर मैलामागे 30 लिटरपर्यंत तेल सोडता येतं. एकूण मर्यादा मालाच्या तीस हजाराव्या हिश्श्याची, म्हणजे 3 लाख टनांच्या टँकरला 10 टन. आखातात ही सवलत नाही, कारण ते ‘विशेष क्षेत्र’. आमचा किनारा फक्त पर्यटन खात्याच्या जाहिरातीत विशेष.

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ एकमेकांवर आदळली आणि तेल सांडलं, तेव्हा निदान जहाजांची नावं तरी कळली. शिरोड्याच्या गोळ्यावर नाव नसतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तेलाची कुंडली काढता येते हो! पण पत्रिका जुळवायला समोरच्या पक्षाचीही लागते, आणि समोरचा पक्ष तोवर दुसऱ्या समुद्रात पोचलेला असतो.

रापण ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं, जाळ्याला लागलेल्या डांबराचं काय करता? तो म्हणाला, “काय करतलंव? ह्यां इकूक काढला तर कोण घेवचो नाय, आणि फुकट दिला तरी कोण नेवचो नाय.”

म्हणून माझ्या मनात डांबर सत्याग्रह आहे. प्रत्येकाने एक गोळा उचलायचा आणि ओरोसला जिल्हाधिकारी कचेरीत टेबलावर ठेवून पोच मागायची. एका वकील मित्राने मात्र घाबरवून ठेवलंय. म्हणाला, तेलाला मालक नसेल, पण गोळ्याला चिकटलेल्या वाळूला आहे. विनापरवाना गौण खनिज उचललं म्हणून आधी तुलाच दंड होईल.