टिपाडाचं झाकण

सूनबाईंनी पुण्याहून यादी पाठवली आहे. नातू चालायला लागलाय, तेव्हा दिवाळीला तो परभणीला येण्याआधी आम्ही न्हाणीघर सुरक्षित करून ठेवायचं आहे. यादी चांगली आहे. आमचं न्हाणीघर तिच्या लेखकाने पाहिलेलं नाही, एवढाच तिच्यात दोष.

बाथटब भरून ठेवू नये, ही पहिली सूचना आम्ही वाचता वाचताच पाळली. कमोडच्या झाकणाला कुलूप लावावं, ही दुसरी. आमचं भांडं देशी आहे, त्याला झाकणच नसतं. इथवर पैकीच्या पैकी गुण. तिसरी सूचना मात्र अशी, की न्हाणीघरात साठवलेलं पाणी ठेवू नये.

जिंतूर तालुक्यात येलदरीचं धरण, गंगाखेडला गोदावरी, शिवाय पूर्णा आणि दुधना. जिल्ह्याचा नुसता नकाशा उघडला तरी हात ओले व्हावेत. नळ मात्र रोज येत नाही. येतो तेव्हा गल्लीभर ‘नळ आले, नळ आले’ अशी आरोळी उठते आणि घरातलं पेल्यापर्यंतचं भांडं भरून घेतलं जातं. त्यामुळे आमच्या न्हाणीत एक हौद, २०० लिटरचं निळं टिपाड, बादल्यांची रांग आणि लग्नात आलेलं घंगाळ कायम तुडुंब असतं. मधे जी फरशी उरते तिच्यावर आम्ही अंग चोरून अंघोळ करतो.

आता जाणकार सांगतात की लेकरू बुडायला दोन इंच पाणी पुरतं. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकून बघताना तोल गेला की ते डोक्यावर आत जातं, हातांत वर यायचं बळ नसतं आणि भरलेली बादली कलंडतही नाही. आरडाओरडाही होत नाही. म्हणजे खरी भीती टिपाडाची नाही, कमरेइतक्या बादलीची. टिपाडाचा काठ त्याच्या डोक्याच्या वर जातो. अर्थात टिपाडाशेजारी रिकामी बादली पालथी घालायची आमच्याकडे शिस्त आहे, त्यामुळे पायरीचीही सोय झालेली आहे.

टिपाडाला झाकण होतं. लोखंडी कडं आवळून बसवायचं, चांगलं दणकट. ते गच्चीवर असतं. उन्हाळ्यात त्याच्यावर कुरडया वाळतात, पुढे सांडगी मिरची. नुसतं झाकण बाजारात मिळेना. दुकानदार म्हणाला, “काका, नवं टिपाडच न्या, त्याला झाकण येतं.” नेलं. आता घरात दोन टिपाडं भरलेली असतात आणि गच्चीवर दोन झाकणं.

गरम पाणी ४९ अंशांच्या वर जाऊ देऊ नये, असंही यादीत आहे. बरोबरच आहे. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालासुद्धा काही सेकंदांत भाजतं, लेकराची कातडी तर पातळ. पण आमचं सोलर गच्चीवर, त्याला आकड्यांचं बटण नाही, आणि मे महिन्यात पारा ४४च्या पुढे सरकला की थंड पाण्याचा नळही गरमच सोडतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे खरं, पण बटण बहुधा जर्मनीकडेच राहिलं. उपाय साधा आहे: बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, मग कोपर बुडवून बघणं. घरचा रिवाज असा, की आधी कढत पाणी सोडायचं आणि बादली भरेपर्यंत फोनवर बोलून यायचं.

फरशी घासायचं ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत असतं. सुट्या ॲसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्बंध घातले, ओळखपत्र आणि नोंदवही बंधनकारक केली. आमच्याकडची बाटली त्यानंतरची आहे. तिच्यावर अक्षर नाही, पण लेकराला वाचता कुठे येतं? त्याला बाटलीचा आकार ओळखीचा, तेवढा पुरे. ती मी माळ्यावर ठेवली. सौभाग्यवतींनी ‘हाताशी असावी’ म्हणून पुन्हा खाली आणली.

शेजारपाजारचं म्हणणं वेगळंच. “हे कसले लाड? आम्ही नाही का वाढलो?” वाढलात खरे. जे वाढले नाहीत त्यांना हा प्रश्न विचारायची सोय नाही.

शेवटी एकच गोष्ट पूर्ण अमलात आली. दाराला बाहेरून पाच फुटांवर कडी बसवली. न्हाणीवरून जाणाऱ्या प्रत्येकाने ती लावायची, असा नियम केला आणि घरात पहिल्यांदाच एखादा नियम सगळे पाळू लागले. आत कोणी आहे का, हे बघण्याची तरतूद नियमात नाही. परवा डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत मी आतून बराच वेळ हाका मारल्या. फक्त शेजारचं दोन वर्षांचं लेकरू दाराशी आलं आणि प्रत्येक हाकेला त्याने टाळ्या वाजवल्या. कडीपर्यंत त्याचा हात पोचत नव्हता.