खुलासामीमांसा : कॉटन ग्रीन पीठाचे प्रतिपादन

राज्याचे लष्करी गुपित फुटल्यानंतर, आणि ते कोणाच्या हातून फुटले याचा निर्णय होण्यापूर्वी, शासनाच्या मुखातून जे वचन निघते त्यास ‘खुलासा’ ही संज्ञा आहे. या लक्षणावर आक्षेप असा की, निर्णय कधीच न झाल्यास खुलाशाला अंत राहणार नाही. आक्षेप आम्हांस मान्य आहे. खुलासा सादि परंतु अनंत असतो, हा या शास्त्राचा पहिला सिद्धान्त होय.

या शास्त्राचे पीठ कॉटन ग्रीन येथेच का, असे गिरगाव-दादरकडील पंडित विचारतात. (नाट्य, संगीत आणि पाककला ही शास्त्रे त्यांच्याकडे आहेतच, हे एक आमच्याकडे राहू द्यावे.) हार्बर मार्गाने बोरीबंदराकडे निघाले की मध्ये रे रोड आणि लगेच डॉकयार्ड रोड. तेथून माझगाव गोदी पायी गाठता येते. २००५ च्या करारानुसार फ्रेंच आराखड्याच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्या याच गोदीत बांधल्या गेल्या. शास्त्राला लागणारा कच्चा माल इतक्या जवळ अन्य कोणत्याही पीठास उपलब्ध नाही.

खुलाशाचे प्रकार चार. पाचवाही आहे असे शिवडीचे काही अभ्यासक मानतात. त्यांचे मत यथास्थळी तपासू.

१. दिग्भेदी. ‘घडले खरे, पण येथे नव्हे’ हे याचे स्वरूप. २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘द ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्राने स्कॉर्पीनविषयीची २२,४०० पाने आपल्या हाती आल्याचे जाहीर केले. त्यांत संदेशयंत्रणेवर ६,८४१ पाने होती, पाण्याखालील संवेदकांवर ४,४५७, आणि टॉर्पेडो सोडण्याच्या यंत्रणेवर अवघी ४९३. संपादनदृष्ट्या हा असमतोल खटकतो. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी हॅकिंगचा कयास बांधला. फुटीचा उगम भारताबाहेर दिसतो, असे नौदलाने म्हटले. कागद २०११ मध्ये फ्रान्सातूनच बाहेर पडले असावेत, असे वृत्तपत्राचे म्हणणे होते. डीसीएनएस या फ्रेंच कंपनीला २०१६ च्या एप्रिलात ऑस्ट्रेलियाने बारा पाणबुड्यांसाठी निवडले होते. तिला यात आर्थिक युद्धाची शक्यता दिसली. अशा रीतीने तर्जनी पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि तेथून अज्ञात प्रतिस्पर्ध्याकडे सरकत गेली. स्वतःकडे वळणाऱ्या तर्जनीचे उदाहरण उपलब्ध साहित्यात नाही, सबब तीसाठी संज्ञा घडवलेली नाही.

२. मषीलेपी. शास्त्राचे वैभव येथे आहे. पाठोपाठ नौदलाने कळवले की संकेतस्थळावर आलेली पाने तपासली असता सुरक्षेस बाधा दिसत नाही, कारण महत्त्वाचे तपशील काळे केलेले आहेत. पानाच्या माथ्यावर ‘रिस्ट्रिक्टेड स्कॉर्पीन इंडिया’ ही मुद्रा अखंड. खाली आकड्यांच्या जागी काळ्या पट्ट्या. त्या पट्ट्या वृत्तपत्राने स्वतःहून मारल्या होत्या. म्हणजे गुपिताचे संरक्षण, ज्याच्या हाती ते अनधिकाराने लागले त्याच्या विवेकाने आणि त्याच्याच शाईने झाले. यावर पीठात दोन संप्रदाय आहेत. सत्मषीवादी म्हणतात, पट्टीखालचा आकडा सिडनीत तसाच आहे, त्यामुळे गुपित फुटलेच. दृष्टिसृष्टिवादी म्हणतात, जे दिल्लीला दिसत नाही ते दिल्लीपुरते अस्तित्वातच नाही. शासनाने दुसरा पक्ष स्वीकारला. वेदान्ताला प्रशासनात इतका मान क्वचितच मिळतो.

३. प्रतिबिंबवादी. ६ मार्च २०१९ रोजी महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले की राफेल विमानांच्या खरेदीचे कागद संरक्षण मंत्रालयातून चोरीस गेले. ८ मार्चला स्पष्टीकरण आले : चोरी झाली असे म्हणायचे नव्हते, वापर झाला तो झेरॉक्सचा. बिंब मंत्रालयात स्थिर, प्रतिबिंब मात्र सर्वत्र. चंद्र पाण्यात दिसला म्हणून आकाशातून तो कमी होत नाही, हे यामागचे दर्शन. चोरी दोन दिवस टिकली.

४. अभाववादी. हा प्रकार खास मराठी मातीतला. कुलाब्याची ‘आदर्श’ इमारत लष्करी आस्थापनांच्या शेजारी उभी राहिली आणि तिच्या उंचीवर नौदलाने सुरक्षेच्या कारणाने हरकत घेतली. पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये मंत्रालयात नगरविकास खात्याच्या फायलीतून टिपणीची पानेच नाहीशी झाल्याचे उघड झाले. नैयायिकांनी अभाव चार मानले आहेत, आणि मंत्रालयातील कोणताही अनुभवी कारकून ते चारही जाणतो. पान अद्याप फायलीला लागलेच नाही, हा प्रागभाव. लागले होते, पण नष्ट झाले, हा प्रध्वंसाभाव. पान आहे, पण ते हे पान नव्हे, दुसऱ्या खात्याचे आहे, हा अन्योन्याभाव. सर्वाधिक फेऱ्या याच अभावात होतात. असे पान त्रिकाळी कधी नव्हतेच, हा अत्यन्ताभाव. तो सहसा निवृत्तीनंतर प्रकट होतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा प्रध्वंसाभावाच्या अभ्यासकांच्या आशा पल्लवित झाल्या होत्या. परंतु ‘आदर्श’चे कागद त्याआधीच सीबीआयकडे गेले असल्याचे समजले, आणि एक मोठी संधी हुकली.

आता शिवडीकरांचा पाचवा प्रकार, मौनखुलासा. तो प्राचीन आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोट उभी होती : पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, सोन्याच्या १२४ लगडी, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गाठी. धोक्याचे लाल निशाण तिच्यावर नव्हते. दुपारी कापसातून धूर निघाला, बोटीच्या कुशीवरचा रंग एका जागी फोड येऊन फुगू लागला. पोटात काय आहे हे ज्यांना ठाऊक होते ते एकमेकांशी बोलत राहिले. दारूगोळ्याचा अधिकारी म्हणाला, बोट बुडवा; गोदीचे व्यवस्थापक म्हणाले, समुद्रात न्या; अग्निशमन दलाने पाणी मारत राहणे पसंत केले. निमज्जनवादी, निष्कासनवादी आणि सेचनवादी असे तीन संप्रदाय स्थापन झाले. तिघांवर हुकूम चालेल असा कोणी नव्हता. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली. त्यांत ६६ जण होजपाइप धरून उभे असलेले बंबवाले होते; त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

शिमल्याच्या भूकंपमापकाने धक्का नोंदवला. जपानी अंमलाखालच्या सायगाव रेडिओने दुसऱ्या दिवशी तपशीलवार बातमी दिली. मुंबईतल्या वार्ताहरांना ती बाहेर धाडण्याची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. अर्थात शत्रूपासून जपलेले हे गुपित शत्रूला दुसऱ्याच दिवशी कळले होते, आणि ज्याच्या घरावर ते येऊन पडले त्या मुंबईकरास महिनाभर अधिकृतपणे अज्ञात होते. शिवडीकरांचा प्रकार आम्ही सन्मानाने स्वीकारतो.

राहिला कर्त्याचा प्रश्न. कर्ता सापडत नाही, हे म्हणणे अज्ञानमूलक आहे. २०१९ मध्ये महान्यायवादींनी न्यायालयात १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम दाखवला, तो कागद छापणाऱ्यांच्या दिशेने. २९ ऑगस्ट २०१६ रोजी न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने स्कॉर्पीनप्रकरणी मनाई केली, ती वृत्तपत्राला. तेव्हा उत्तरदायी पक्ष निश्चित झालेला आहे आणि तो मुद्रक होय. वाचकाचाही त्यात समावेश असावा, अशी सूचना शिवडीहून आली असून, ती पुढील सत्राच्या विषयपत्रिकेवर घेण्यात आली आहे.