देवाचा कापूर

एम.एस्सी.च्या वर्षी मला स्वस्तातलं संशोधन करायची हौस आली. जिनिव्हाच्या ओपोल्झरनं 1984 साली कापरापासून सल्टाम नावाचा एक कायरल सहायक तयार केला, हे वाचलं आणि मोर्शीत बसून मला जिनिव्हा दिसू लागलं.

काही रेणूंची डावी-उजवी जोडी असते, आरशातल्यासारखी. औषधात पुष्कळदा एकच भाऊ कामाचा. सहायक रेणूला चिकटतो, एक अंग अडवतो, अभिक्रिया दुसऱ्या अंगानं घडवतो आणि काम झालं की सुटून परत हाती येतो. विकत घ्यायचा तर ग्रॅमच्या भावानं. कापूर मात्र घरचाच!

"काऊन रे, देवाचा कापूर कुठी गेला?" आईनं विचारलं.

"उडला असंन." कापूर उडतो, एवढं तरी शास्त्र खरं होतं.

पहिली पायरी कापूरसल्फॉनिक ॲसिडची. बर्फात ॲसेटिक अनहायड्राइड, त्यात सल्फ्युरिक ॲसिड, त्यात देवाचा कापूर. पंधरा दिवस भांडं हलवलं नाही. पांढरेशुभ्र स्फटिक आले. ते मी वर्गभर मिरवले, मग विरघळवून पोलॅरिमीटरच्या, म्हणजे ध्रुवित प्रकाश डावीकडं वळतो की उजवीकडं ते मोजणाऱ्या यंत्राच्या, नळीत भरले. शून्य अंश. नळी पुसली, चष्मा पुसला. शून्य. शेवटी मूळ कापूरच घातला. झाडाचा कापूर अल्कोहोलमध्ये +44 अंशांच्या आसपास जातो. माझा जागचा हलेना.

पूजेच्या वड्या बहुधा टर्पेंटाइनपासून कारखान्यात होतात. वाटेत कॅम्फीन बनताना ॲसिड डाव्या-उजव्यांची सरमिसळ करून टाकतं. हे पुस्तकात होतं. मी पुढचं पान आधी वाचलं होतं.

बाबांनी संत्र्याच्या बागेतून आल्यावर सगळं ऐकून घेतलं. "डाव्या अंगाचा बैल उजवीकडं जुंपला त औत चालत नाई. तुया कापरात अर्धे डावे, अर्धे उजवे. देवाले चालते, तुले कसं चालंन?"

त्या पंधरा दिवसांत मी संत्री किती सोलली, मोजली नाहीत. सालीतलं लिमोनीन जवळपास सगळं उजव्या अंगाचं, पोलॅरिमीटरला +120 अंशांपलीकडे नेणारं. 2018 साली अमेरिकेत फिल बारान यांच्या गटानं लिमोनीनपासूनच फॉस्फरसची डावी-उजवी बाजू ठरवणारं अभिकारक तयार केलं. आमची सालं उकिरड्यावर गेली होती.

आईला कापराची नवी डबी आणून दिली. तीही तपासली. शून्य.