वर्गमूळ न काढण्याची कला

आकडा खरा ठेवून चित्र खोटं काढायचं असेल, तर द्विमितीय आकृतीला तोड नाही. साधा स्तंभालेख या कामी कुचकामी. स्तंभांची रुंदी सारखी, वाढते ती फक्त उंची, आणि उंची कुणालाही मोजता येते. चौरसाची लांबी वाढली की रुंदीही वाढते. आपला सगळा वाव तिथेच. जनगणनेचे आकडे घ्या. महाराष्ट्राची लोकसंख्या १९६१ साली ३.९६ कोटी होती, २०११ साली ११.२४ कोटी झाली, म्हणजे सुमारे २.८४ पट. नियमाने या पटीचं वर्गमूळ काढावं लागतं : पहिल्या चौरसाची बाजू १ सेंमी, तर दुसऱ्याची जेमतेम १.७. यात कसली आलीय सनसनाटी? तेव्हा वर्गमुळाच्या फंदात पडू नये. बाजूच २.८४ सेंमी घ्यावी. क्षेत्रफळ आठपट होतं आणि लोकसंख्येचा स्फोट वाचकाच्या अंगावर येतो. खाली खरे आकडे मात्र ठळक छापावेत. उद्या कुणी जाब विचारलाच, तर बोट ठेवायला जागा हवी.

आकडे छापले तर वाचक ते वाचेलच की, अशी शंका नवशिक्यांना येते. वाचेल, पण चित्र पाहून झाल्यावर. दुसरा आक्षेप वजनदार आहे. विल्यम प्लेफेअरने १८०१ साली देशांची वर्तुळं काढली ती क्षेत्रफळाच्या प्रमाणात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५८च्या आकृतीतले क्रिमियन युद्धातले मृत्यूही केंद्रापासूनच्या क्षेत्रफळानेच मोजायचे. मग नीट काढलेली आकृती दिशाभूल कशी करेल, असं सज्जन विचारतात. सज्जनांनी डोळा हिशेबात धरलेला नाही. डोळा काय किती अचूक ओळखतो याच्या, क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली लावलेल्या क्रमवारीत एकाच पट्टीवरची जागा ओळखणं सर्वात वर आहे, कोन त्याखाली, क्षेत्रफळ आणखी खाली. मोठं वर्तुळ डोळ्याला असतं त्याहून लहान वाटतं. गोव्याच्या तुलनेत महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ साली ७७ पट होती. त्रिज्या काटेकोर ८.८ पट घेतली, तरी बघणाऱ्याला ७७ काही दिसत नाहीत. त्यामुळे फुगवायचं असेल तेव्हा वर्गमूळ विसरावं आणि झाकायचं असेल तेव्हा अगदी शास्त्रशुद्ध काढावं. दुसऱ्या प्रकारात तर नावही चांगलं होतं.

वृत्तालेखाचं फारसं सांगायला नको. महाराष्ट्राची नागरी लोकसंख्या २०११ साली ४५.२ टक्के होती, म्हणजे १६३ अंश. वर्तुळाला जाडी देऊन ते पुढे कलतं केलं, की पुढच्या फोडीची कडही तिच्याच रंगाची दिसते आणि ती भरते. शहरांसाठी निधी मागायचा असेल तर नागरी फोड पुढे आणावी, खेड्यांसाठी असेल तर वर्तुळ फिरवावं. अंश दोन्ही वेळा तेवढेच राहतात.