बोनेटखालचा डबेवाला

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या गाडीचं बोनेट उघडं दिसलं, तर गाडी बंद पडली असं समजून मदतीला धावू नये. आधी बोनेटवर वाकलेल्या माणसाचा चेहरा बघावा. तो वैतागलेला असेल तर गाडी खरोखर बंद आहे. पण चेहरा तृप्त असेल, एका हातात टॉर्च असेल आणि दुसऱ्या हाताने इंजिनाचे फोटो काढणं चाललं असेल, तर गाडीला काहीही झालेलं नाही. जे झालंय ते त्याला झालंय.

हा माणूस उपनगरात सगळीकडे सापडतो. फक्त स्टेशनागणिक थोडा बदलतो. अंधेरीचा, विशेषतः लोखंडवालाकडचा, स्वतः काही करत नाही; करून घेतो आणि मग बिलाचा आकडा सांगतो. बोरिवलीचा सगळं स्वतः करतो आणि सोमवारी गाडी टो करून गॅरेजला नेतो. घाटकोपरचा आधी आणखी चार जण गोळा करतो, पाच नगांचा भाव पाडतो आणि आपला नग त्यात जवळजवळ फुकट बसवतो. मुलुंडचा मात्र अभ्यासू. तिथे कालिदास नाट्यगृहात मध्यंतराच्या वड्याच्या रांगेत उभं राहूनसुद्धा लोक टर्बोवर गंभीरपणे बोलतात. आमचा पोलोवाला मुलुंड पूर्वेचा.

पोलो म्हणजे साधी पोलो नव्हे. जीटी टीएसआय. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस, सात गिअरांचा ड्युअल क्लच. ही गाडी भारतात 2013 मध्ये आली, आणि याने पुढे ती सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाचा उल्लेख तो घराण्याचा गुरू असल्यासारखा कानाची पाळी धरून करतो. 2022 मध्ये कंपनीने भारतात पोलो बंद केली तेव्हा त्याने व्हॉट्सअॅपचा डीपी काळा केला होता. आम्ही जिन्यात हळू आवाजात चौकशी केली. घरातलं कोणी गेलेलं नाही हे कळल्यावर आम्हाला बरं वाटलं. त्याला ते आवडलं नाही.

आधी त्याने एअर फिल्टर बदलला. मग रीमॅप केला, त्याला 'स्टेज वन' म्हणायचं. मग गाडी खाली बसवली, त्यामुळे ती सोसायटीच्या उतारावर घासायला लागली आणि तो येताना वॉचमन आधी फळी टाकू लागला. एवढं झाल्यावर एका रात्री त्याला व्हॉल्व्हची काळजी वाटायला लागली आणि ऑइल कॅच कॅन हा विषय आमच्या इमारतीत शिरला.

त्याचं व्याख्यान मी लिफ्टमध्ये ऐकलेलं आहे. तळमजल्यावर पिस्टनपासून सुरू होतं आणि माझ्या मजल्यापर्यंत रिंगांवर पोचतं. उरलेलं लिफ्टचं दार पायाने अडवून. विषय तसा खरा आहे. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. त्याला ब्लो-बाय म्हणतात. तिथे फेसाळणाऱ्या गरम ऑइलचे बारीक कण घेऊन तो बाहेर पडायला बघतो, आणि बाहेर सोडला नाही तर दाब वाढून ऑइल सील फुटतात. पूर्वी त्याला एक नळी लावून सरळ रस्त्यावर सोडत. कॅलिफोर्नियात धुरक्याने लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ती नळी उलटी वळवून इंजिनाच्याच तोंडात दिली गेली: तुझं तू जाळ. ही पीसीव्ही पद्धत. आता आपल्याकडेही क्रँककेसमधून हवेत काही सोडायची मुभा नाही.

साध्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्हची पाठ येता-जाता धुतली जाते. पोलोसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्हच्या वाट्याला फक्त हवा आणि ऑइलचे ते कण येतात. त्यांचा हळूहळू कार्बन होतो. तो काढायला इनटेक उघडून अक्रोडाच्या टरफलांची भुकटी दाबाने मारतात, कारण ती कार्बन खरवडते आणि धातूला ओरखडा पाडत नाही. हे त्याने घरी सांगितलं त्या दिवशी आईने दिवाळीत आलेला सुक्या मेव्याचा डबा कपाटात आत सरकवला.

तर या नळीच्या मध्येच एक डबा बसवायचा. आत जाळी, आडवे पडदे. वायू त्यावर आपटतो, ऑइल खाली गळतं, आणि बऱ्यापैकी स्वच्छ वायू पुढे इंजिनात जातो. डब्याच्या बुडाला तोटी.

"म्हणजे आपल्या चिमणीखाली तेलाची वाटी असते तसं," आई म्हणाली.

आठवडाभर लिफ्टमध्ये जे कोणाला नीट समजलं नव्हतं ते एका वाक्यात समजलं. तो थोडा हिरमुसला, पण तत्त्वतः बरोबर आहे म्हणाला.

"ती वाटी तरी गेल्या वर्षभरात कोणी काढून धुतली आहे का?" आईने विचारलं. यावर तत्त्वतः काही उत्तर नव्हतं.

वडिलांचा विरोध वेगळ्या पातळीवरचा होता. ते बेस्टच्या डेपोत वर्कशॉपला होते, आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कुठलंही इंजिन त्यांच्या कानावरून परवानगी न घेता जात नाही. "ब्रीदर म्हणतात त्याला," ते म्हणाले. "इंग्रजी नाव दिलं म्हणून भाव वाढवायचं कारण नाही. आधी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढ. फसफसून धूर आला तर बॅक कंप्रेशन मारतंय, रिंगा गेल्या. मग डबा कसला लावतोस, पिंप लाव."

"बाबा, तुमची इंजिनं डिझेलची होती."

"रिंगेला माहीत नसतं रे वर काय जळतंय ते."

ही तपासणी फुकट होती, त्यामुळे ती त्याने केली नाही.

डबे बाजारात दीड-दोन हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत मिळतात. याने सुरुवात स्वस्तापासून केली. लाल रंग, वर कुठल्यातरी जपानी कंपनीचं नाव, तेही एक अक्षर चुकवून. झाकण उघडून टॉर्च मारला तर आत जाळी नाही, पडदा नाही, काहीच नाही. वायू एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने निघून जाणार, वाटेत कोणी अडवणार नाही. तो त्याने स्विफ्टवाल्याला विकला. हा चौथ्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा, याचा एकमेव शिष्य. त्याच्या स्विफ्टला टर्बो नाही, डायरेक्ट इंजेक्शन नाही, व्हॉल्व्ह रोज पेट्रोलने आंघोळ करतात. त्या गाडीला या डब्याची गरज शून्य आहे हे गुरूला नक्की माहीत होतं. पण मुलाने विचारलं ते "लागेल का?" असं नव्हतं; "शोभेल का?" असं होतं. त्याचं उत्तर प्रामाणिकपणे हो असंच येतं.

दुसरा डबा खरा होता. त्याच्या जोडण्यांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन शनिवार गेले. तिथे अख्ख्या गाड्या सुट्या होऊन टांगलेल्या असतात, आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातातल्या तुटक्या नळीकडे बघून भाव सांगतो. बसवला भांडुपच्या गॅरेजमध्ये. मेस्त्रीने डबा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "साहेब, याच्यात पाणी घालायचं की याच्यातून काढायचं?" नळीचा क्लॅम्प ढिला राहिला, इंजिनाने नको तिथून हवा ओढली आणि पोलो परत येताना नाहूरच्या पुलावर चेक इंजिनचा दिवा लावून आली. दिव्याचाही फोटो आहे त्याच्याकडे.

त्यानंतरचे महिने त्याच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, असं मला वाटतं. बोनेट उघडायला आता सबळ कारण होतं. कोणी "काय हे?" म्हटलं की तो आधी आंतरराष्ट्रीय नियम सांगायचा: शर्यतीच्या गाडीचा ब्रीदर उघडा असेल तर एफआयए ऑइल कॅच टँक सक्तीचा करते, दोन लिटरपर्यंतच्या इंजिनाला किमान 2 लिटरचा, त्यावरच्याला 3 लिटरचा. ट्रॅकवर सांडलेल्या ऑइलवरून मागचा घसरू नये म्हणून. याच्या डब्यात अर्धा लिटरही मावत नाही, आणि याच्यामागे मुलुंड चेकनाक्यापर्यंत जो येतो तो 10 किलोमीटरच्या वेगाने येतो. तो घसरणार कसा? पण नियम म्हणताना आवाज असा लागतो की ऐकणाऱ्याला वाटावं, इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरून हा कालच परतलाय.

अपमान एकाच प्रश्नाचा व्हायचा. पेट्रोल पंपावर, पीयूसीच्या व्हॅनपाशी, पाहुण्यांकडून, सगळीकडून तोच: "सीएनजी किट लावलंय वाटतं?" एकदा नाकाबंदीत हवालदाराने बोनेट उघडायला लावलं. याला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तोंडपाठ. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, म्हणून मनातल्या मनात तो कोर्टात उभासुद्धा राहिला होता. हवालदाराने डब्यावर बोट वाजवलं. "टाकी लहान बसवलीय. किती किलो गॅस बसतो?" दंड झाला असता तर निदान दखल घेतल्यासारखं झालं असतं.

आता लागतो का हा डबा? मला विचाराल तर इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं असेल, टर्बोचा दाब वाढवलेला असेल आणि गाडी तास तास रेटली जात असेल, तर लागतो, फायदा आहे. ऑइलचे कण हवेबरोबर आत गेले की पेट्रोलचं ऑक्टेन पडतं आणि इंजिन खडखडतं, हेही खरं. पण कंपनीने आपला एक सेपरेटर आत दिलेलाच असतो, आणि कॅच कॅन वेळच्या वेळी रिकामा केला नाही तर साठलेलं सगळं एका दमात इंजिनात जातं, म्हणजे डबा नव्हता ते बरं. शिवाय गाडी रेटायची कुठे? पोलोवाला रोज मुलुंडहून सीप्झला जातो, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने. संध्याकाळी त्या रस्त्यावर पवईपाशी एकदा रिक्षा आणि टँकरच्या मध्ये फट पडते, तेवढ्यात बूस्ट गेजचा काटा हलतो आणि परत झोपतो. अशा चालण्यात डब्यात ऑइल कमी आणि पाणीच जास्त जमतं, त्यातून पावसाळा. पहिल्यांदा तोटी उघडली तेव्हा पिवळट, आंबूस वासाचा चिकट फेस निघाला. त्याने तो काचेच्या बाटलीत भरून तारीख लिहिली. बाटली सगळ्यांना दाखवली. पॅथॉलॉजीवाल्या काकांनी ती लांबूनच बघितली आणि उपाशीपोटी घेतलं होतं का, एवढंच विचारलं.

मग जूनमधली एक बाटली अचानक वेगळी निघाली. शुद्ध, काळंभोर, दाट ऑइल, आणि नेहमीच्या तिप्पट. तो हर्षाने वेडा झाला. मग विचारात पडला. इंजिन तेच, डबा तोच. पुष्कळ चौकशीनंतर उलगडा झाला तो असा: 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा खुला झाला, आणि त्याची बायको पोलो घेऊन माहेरी नाशिकला जाऊन आली होती. एकटीच. मर्यादा 120 ची आहे. "मी मर्यादा सोडली नाही" असं ती म्हणते, पण "मर्यादेच्या खालीही आले नाही" असं पुढे हळूच जोडते. त्या गाडीतलं टर्बो कशासाठी असतं हे कुटुंबात कोणाला ठाऊक असेल तर तिलाच. डबा असतो कुठे, हे तिने अजून पाहिलेलं नाही.

त्या बाटलीवर त्याने फक्त तारीख लिहिली. चालकाचं नाव लिहिलं नाही.

बाटल्या वाढल्या तसा प्रश्न आला, हे ऑइल टाकायचं कुठे? गटारात ओतणाऱ्यातला तो नाही. ओतलंही नसतं, कारण सेक्रेटरींचं घर तळमजल्यावर गटाराशेजारीच आहे. त्याने रीतसर अर्ज केला: सोसायटीने वापरलेल्या ऑइलसाठी स्वतंत्र पिंप ठेवावं. विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत आला, पाण्याच्या टाकीच्या वॉटरप्रूफिंगनंतर आणि गणपतीच्या वर्गणीच्या आधी.

"महिन्याला किती जमतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"सरासरी दोन चमचे."

"पोहे खायचे की आमटीचे?" महिला सदस्यांतून प्रश्न आला. त्याने शांतपणे मिलिलिटरमध्ये उत्तर दिलं. स्विफ्टवाल्याने अनुमोदन दिलं. त्याच्या डब्यात आजवर एक थेंबही जमलेला नाही, पण निष्ठा ती निष्ठा. बायको मुलीचा अभ्यास घ्यायला लवकर वर गेली. खर्चाचं कारण देऊन पिंप नामंजूर झालं, आणि त्याऐवजी भांडुपच्या मेस्त्रीने बाटल्या घेऊन जाव्यात असं ठरलं. इथवर सगळं समंजसपणे झालं.

आठवड्याने इतिवृत्त बोर्डावर लागलं. विषय क्रमांक सातखाली सेक्रेटरींनी लिहिलं होतं: 'सदस्यांच्या पोलो गाडीतून गळणाऱ्या ऑइलबाबत चर्चा झाली. गाडी तातडीने दुरुस्त करून घेण्याची समज देण्यात आली.' दुरुस्तीचा मसुदा त्याने स्वतः टाइप करून दिला आहे, आकृतीसकट, पीसीव्हीपासून. सेक्रेटरी म्हणतात, इतिवृत्तात आकृती बसत नाही. तो उपनिबंधकांकडे जायच्या तयारीत आहे. वडील सोबत जाणार आहेत, पण त्यांची एक अट आहे: निघण्याआधी इंजिन चालू ठेवून झाकण एकदा काढायचं.