दहा आज्ञांची डबलबारी

रविवारी मिस्सा संपली की वेंगुर्ल्यात माझा धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो. चौथ्या आज्ञेपाशी दम लागणारी माझी मुलं रॅपर एमसी स्टॅनचं अख्खं गाणं श्वास न घेता म्हणतात. त्यातले निम्मे शब्द फादरांच्या कानावर गेले, तर कुमसाराची, म्हणजे पापकबुलीची, रांग दाभोली नाक्यापर्यंत जाईल. म्हणजे पोरांची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. दोष आज्ञांच्या चालीत आहे. मी स्वतः कॉलेजपासून रॅपचा भक्त. तेव्हा आज्ञा ठेक्यावर घ्यायचं ठरवलं.

पहिला आक्षेप चर्चशेजारच्या मावशींचा. "येशूक ह्यां आवडतलां?"

मी इतिहास काढला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट. गोव्यातल्या नवख्रिस्ती लोकांना पुराणांची सवय, म्हणून त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचं मराठी ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, कीर्तनं केली. लेक्रे या अमेरिकी रॅपरला तर २०१३ साली गॉस्पेल अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

"त्येंनी हातवारे केल्यानी?" मावशींनी विचारलं.

कीर्तनकाराचे हातवारे त्यांनी पाहिले नसावेत.

रॅप ज्यातला, त्या हिपहॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. बहिणीने ठेवलेल्या पार्टीत डीजे कूल हर्कने गाण्यातला नुसता ढोलाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, कारण लोक नाचायचे तेवढ्यावरच. पुढे दोन रॅपर समोरासमोर उभे राहून एकमेकांची उतरवू लागले आणि जगाला हा प्रकार नवा वाटला. सिंधुदुर्गात याला डबलबारी म्हणतात. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज; एकाने भजनातून टोला हाणायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत तो सव्याज परत करायचा आणि रसिकांनी पहाटेपर्यंत जागून दोघांनाही चढवायचं. ब्राँक्सवाल्यांकडे फक्त पेटी नव्हती.

त्यामुळे वर्गात फार समजवावं लागलं नाही. बाकाचा पखवाज झाला, दोन बाऱ्या पडल्या. नियम एकच: शिवी आली की बारी बाद. पहिल्या बाकावरून चौथी आज्ञा आली:

"आवशीक-बापाशीक मान दी,
चवथी आज्ञा, ध्यान दी!"

पलीकडून खिडकीकडे बघत एकाने सातवी टाकली:

"शेजाऱ्याच्या कलमार नजर नको,
सातवे आज्ञेत कसर नको!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात एरवी तोंड न उघडणारी एक पोर शेवटच्या बाकावर उभी राहिली:

"नजर गेली तर धावी,
हात लागलो तर सातवी!"

वर्ग कोसळला. मनातला लोभ वेगळा आणि प्रत्यक्ष चोरी वेगळी, हा भेद समजावताना माझा खडू झिजला होता. तो तिने एका ठेक्यात निकालात काढला. हरलेला पोरगा मात्र उतरेना. आपली नजर नेमकी किती वेळ गेली तर पाप लागतं, यावर त्याने फादरांचा निकाल मागितला. धर्मशास्त्रावर आपणहून प्रश्न विचारणारा विद्यार्थी मी पहिल्यांदा पाहिला.

वर्ग सुटला तेव्हा मावशी फाटकात उभ्या. खिडकीतून दिसणारं ते हापूसचं कलम त्यांचंच.

"तुझां ता रॅप माका कळना नाय," त्या म्हणाल्या, "पण बाबू, मे महिनो संपासर सातवी सोडू नको. आणि वायच मोठ्यान घी."