स्टेशनाला मालक मिळेल, गाडीचं काय?

रेल्वे स्टेशनं खासगी कंपन्यांना द्या, चकाचक होतील, असं म्हणणाऱ्याला आधी मूर्तिजापूरला पाठवा. खासगी मालकीची रेल्वे वऱ्हाडानं शंभर वर्षं सोसली आहे.

शकुंतला! यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, सुमारे 190 किलोमीटरची नॅरोगेज. मालक सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी, कारभार किलिक निक्सन या कंपनीकडे. वऱ्हाडचा कापूस उचलायला टाकलेली लाइन. स्वातंत्र्यानंतर बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, ही राहूनच गेली.

गाडी चालवायची सरकारी रेल्वेनं, उत्पन्नात वाटा कंपनीचा. मग रुळांवर पैसा कोण घालणार?

कुणीच नाही.

मँचेस्टरला 1921 साली घडलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत या लाइनीवर राबलं. पुढे स्टेशनावर माणूस उरला नाही, तर गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. आता गाडीही बंद.

मूर्तिजापूर जंक्शनचं रूप मात्र पालटलं. अमृत भारत योजनेतून, सरकारी पैशानं. मे 2025 मध्ये उद्घाटनही झालं. म्हणजे स्टेशन सुधारायला खासगी मालक लागतोच असं नाही. पण अचलपूरच्या माणसानं तिथवर यायचं कशानं? एसटीनं.

भोपाळचं उदाहरण हमखास देतात. तिथलं राणी कमलापती स्टेशन खासगी भागीदारीतून 2021 मध्ये नवं झालं. देखणं आहे, मान्य. पण ते राजधानीचं शहर आहे. दुकानं, पार्किंग, वर्दळ, सगळी कमाई जागेवर.

आमच्या तेल्हारा तालुक्यात कोण येणार बोली लावायला?

तेल्हारा शहराला रेल्वे नाहीच. तालुक्यातल्या अडगाव, हिवरखेडवरून अकोला-खांडवा मीटरगेज जायची. 2017 च्या सुरुवातीला ब्रॉडगेजसाठी ती थांबवली. 2022 मध्ये अकोल्याहून ब्रॉडगेज गाडी आली ती अकोटपर्यंत. पुढची लाइन मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून न्यायची की वळवायची, यावरच वर्षं गेली. वाघ वाचलेच पाहिजेत, त्यासाठी लाइन वळवा. पण वळवायची तर वळवून टाका ना! अकोल्याच्या दवाखान्यात निघालेल्या हिवरखेडच्या म्हातारीनं किती वर्षं एसटीत धक्के खायचे?

स्टेशनाचा करार कुणाशीही करा, पण पहिल्या पानावर लिहा: रोज किती गाड्या, छोट्या स्टेशनांवर थांबा किती, लाइनीची डागडुजी कुणाची आणि ती चुकली तर दंड किती. तेवढं लिहायची तयारी नसेल, तर सही करू नका.